शिडी आणि कासवपाठ

मंगळवारी वळणावर ट्रॅक्टरची मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली, तेव्हा किनुएनं आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. आपलंच काही चुकलं असणार, असं तिला वाटलं. पाय बरोबर होता, गियरही बरोबर होता. पुढचं बर्फ ढकलायचं पातं वर उचललेलं होतं. ओझं काही नव्हतं, नुसत्या रिकाम्या अंगानं चढ चढून घरी परतायचं होतं. पण चाकं बर्फ चाटूनपुसून आरशासारखा करत होती आणि ट्रॅक्टर बोटबोट मागे सरकत होता. मागे उतरत गेलेली भातखाचरं पांढरी होऊन एकमेकांत मिसळली होती. कड कुठली नि खाचर कुठलं, सगळं रात्रीतून पुसलेलं.

तिनं इंजिन बंद केलं. एवढी शांतता आली, की कानाला दडे बसल्यासारखं झालं.

वर, तोचिहिरा गावातल्या शेवटच्या घरात, तिचा नवरा ताकेमात्सु बूट घालून दारात बसला होता. कोट, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. अकरा वाजता खालच्या रस्त्यावर इस्पितळाची गाडी येते, पंधरा मिनिटं थांबते आणि जाते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मूत्रपिंडं निकामी, म्हणून चार तास यंत्राला हात देऊन पडायचं, रक्त धुऊन घ्यायचं, संध्याकाळी परत. उन्हाळ्यात त्यात काही विशेष नव्हतं, किनुए त्याला छोट्या टेम्पोतून खाली सोडायची. हिवाळ्यात मात्र तो सहाशे मीटरचा उतार आधी कुणीतरी उघडावा लागतो. नगरपालिकेचं यंत्र खालच्या रस्त्यानंच निघून जातं. वरची वाट ज्याची त्यानं बघायची. गेल्या वर्षापर्यंत ते ताकेमात्सुचं काम होतं.

ती पायी वर आली तेव्हा तिच्या भुवयांवर बर्फाचे कण लटकत होते.

"झालं?" त्यानं विचारलं.

"नाही."

तो वाकून बूट काढायला लागला. एक निघाला. दुसऱ्याला पाय सुजल्यामुळे वेळ लागला. तिनं हात पुढे केला, तर त्यानं खांद्यानं तिला बाजूला सारलं.

रात्री त्याला आडवं पडवेना. उशा रचून बसल्या बसल्या तो श्वास ओढत राहिला. ओठ कोरडे पडले होते, पण दिवसाचं पाणी संपलं होतं. बाहेर डोंगरभर पाणी पांढरं होऊन पडत होतं आणि आत या माणसाला घोटभर मापून मिळत होतं. किनुएनं बर्फाचा एक खडा त्याच्या जिभेवर ठेवला. मग त्याच्या डाव्या हाताला, मनगटाच्या वरच्या फुगलेल्या शिरेला कान लावला. इस्पितळानं ती शीर मुद्दाम जाड करून ठेवली होती. सुई तिथेच टोचतात. आत रक्त घुंघुं करत होतं, पोळ्यातल्या माश्यांसारखं. ते ऐकलं की तिला जरा डोळा लागायचा.

इस्पितळानं चुकलेल्या दिवसासाठी बुधवारी गाडी पाठवायचं कबूल केलं, आणि सकाळी गेन्पेइ आला. वळणाखालचं घर त्याचं. त्याच्या आज्यानं कधीकाळी ओढ्यावर चक्की घातली होती, म्हणून आजही सारे त्याला पाणचक्की म्हणतात. आणि ताकेमात्सुचं घर वाटेच्या टोकाला, म्हणून ते टोकवाले. आमच्याकडे माणसाचं नाव त्याच्याबरोबर जातं, घराचं मागे राहतं.

"काय टोकवाले, वरात काढायची का?" गेन्पेइनं दारातूनच आवाज दिला. त्यानं कोबी वाहायची घसरगाडी आणली होती, तळाला कोबीची पानं अजून चिकटलेली. तिच्यावर त्यांनी ताकेमात्सुला बसवलं, वरून निळी ताडपत्री गुंडाळली, दोरीनं बांधलं. पुढे गेन्पेइ, मागे उतारावर गाडी पळू नये म्हणून दोरी धरून किनुए. एकाहत्तर वर्षांचा माणूस, याच वाटेनं कधी लग्नाची मिरवणूक घेऊन आलेला, कोबीसारखा खाली निघाला. वाटभर त्यानं डोळे मिटले होते. झोप नव्हती ती. पापण्या थरथरत होत्या.

गाडीतली परिचारिका, योशिमी तिचं नाव, ताडपत्री सोडता सोडता हळूच म्हणाली, "काकू, डॉक्टर चिडलेत. उद्याचा गुरुवार सोडू, आता थेट शनिवारी. पण शनिवार चुकला तर मार्चपर्यंत खालीच ठेवून घेणार म्हणालेत. नगरपालिकेच्या हिवाळी खोल्या आहेत ना, त्यात. तुम्हालाही राहता येईल त्यांच्याबरोबर."

"आणि घर?" ताकेमात्सुनं विचारलं. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच इतकं स्पष्ट बोलला.

योशिमी ताडपत्रीची घडी घालत राहिली. ती इकडचीच पोर, तिला ठाऊक होतं. राहत्या घराचं छप्पर माणूस दर आठवड्याला चढून मोकळं करतो, चुलीची ऊबही खालून थोडी मदत करते. रिकाम्या घराचं कोण करणार? दोन वर्षांमागे सावाआजी हिवाळ्यापुरती खाली गेली. मार्चमध्ये वर आली, तर घराचं आढं मोडून स्वयंपाकघरात पडलं होतं आणि तिच्या लग्नातल्या पेटीत बर्फ भरला होता. आजी परत खाली गेली ती गेलीच.

तर शनिवार.

परतताना गेन्पेइनं आपल्या घरापाशी किनुएला थांबवलं आणि पडवीतून एक जड गोणपाट ओढत आणलं. "वहिनी, हे घेऊन जा. ट्रॅक्टरच्या साखळ्या. माझं बर्फाचं काम आता पुतण्याच्या यंत्रानं होतं, नुसत्या लटकल्यात."

तिनं गोणपाट उघडून पाहिलं. दोन लांब साखळ्या आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या. शिडीच. गंज होता, पण कड्या जाड होत्या.

"किती उपकार करता हो," ती कमरेत वाकली.

"उपकार कसले? टोकवाल्यानं माझ्या बापाच्या मयताला खांदा दिलाय."

गुरुवारी सकाळी तरीही ती यंत्राच्या दुकानात गेली. का गेली, तिला सांगता आलं नसतं. टायरवरचा आकडा तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला उतरवून घेतला होता, आठ पॉइंट तीन, बावीस. कागद चार घड्या करून हातमोज्यात ठेवला होता.

दुकानदार मोगी शेगडीपाशी हात शेकत होता. "काकू, मालक नाही आले?"

"मीच आलेय."

"नाही, म्हणजे मापाबिपाचं विचारायचं असतं, म्हणून."

तिनं घामेजलेला कागद उलगडून ठेवला. मोगीनं आकडा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "दात किती उंच?"

"कुणाचे?"

मागच्या बाकावर बसलेले दोन म्हातारे खदखदून हसले. मोगी हसला नाही. "टायरचे, काकू. भातात चालतो ना तुमचा? मग उंच असणार. बोट घालून पाहिलंत कधी?"

पाहिलं होतं. दर वर्षी लावणी संपली की त्या दातांच्या फटीतला चिखल कोण काढायचं? तिनं तर्जनी पुढे केली आणि अंगठ्यानं दुसऱ्या पेराच्या वर खूण केली. "एवढे. आणि दोन दातांत माझी मूठ जाते."

"मूठ जाते." मोगीनं मान हलवली. भिंतीवरच्या खिळ्यावरून त्यानं शिडीसारखी एक साखळी काढून फरशीवर पसरली. "ही सगळे नेतात. सपाट टायर असला तर झकास. पण तुमच्या दातांवर काय होतं बघा." त्यानं उघड्या पंजाची बोटं फाकवली, दुसऱ्या हाताची करंगळी त्यांवर आडवी ठेवली आणि सोडली. करंगळी बोटांच्या फटीत पडली. "पायरी खाली बसते. दात तेवढे वर. म्हणजे साखळी असून नसल्यासारखी. वरून बघाल तर वाटेल काय घट्ट बसलीय!"

मग तो आत गेला आणि धापा टाकत दुसरी साखळी घेऊन आला. ही जाळी होती. षटकोनाला षटकोन जोडलेले, कासवाच्या पाठीवर असतात तसे. "कासवपाठ. ही कुठेही पडत नाही. एक घर फटीत गेलं तर दुसरं दातावर असतं. मागवायची म्हणजे दहा दिवस. पण ही एक जोडी पडून आहे, एका गिऱ्हाइकानं नेलीच नाही. तुमच्यापेक्षा एक माप मोठी आहे, दोन घरं कापावी लागतील. आणि मडगार्डला घासेल. चाकं अदलाबदल करून बाहेर सरकवावी लागतील."

किनुएनं गुडघे टेकून जाळी हातात घेतली. थंड, जड, तेलाच्या वासाची. सगळ्या घरांमधून तिची बोटं दिसत होती. तिला कळलं होतं. अगदी स्वच्छ कळलं होतं.

पण घरी पडवीत पाणचक्कीचं गोणपाट होतं.

ज्यानं आपल्या नवऱ्याला घसरगाडीवरून ओढत नेलं, त्यानं हातात ठेवलेली वस्तू आदल्या दिवशी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून नवी आणायची? तोचिहिरात आता तीन धुराडी उरलीत. तिनांतल्या एकाचं तोंड फिरलं तर हिवाळा काढायचा कसा?

"घरी विचारून सांगते," ती म्हणाली.

"शनिवारपर्यंत मोठा बर्फ आहे, काकू."

"हो, ऐकलंय."

ताकेमात्सुनं कोतात्सूच्या, खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून सगळं ऐकून घेतलं. "शिडीच लाव," तो म्हणाला. "माझ्या बाबांनी आयुष्यभर शिडी वापरली."

"बाबांचा ट्रॅक्टर होता का असला?"

"बाबांचा घोडा होता."

"घोड्याला शिडी लावत होते?"

हसू यायला हवं होतं, आलं नाही. "पाणचक्कीला काय वाटेल?" तो म्हणाला. तिलाही तेच वाटत होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला हायसंही वाटलं नि भीतीही वाटली.

शुक्रवारी दिवसभर बर्फ पडणार होता. अडकलेला ट्रॅक्टर तिनं मंगळवारीच चाकांखाली राख टाकत संध्याकाळपर्यंत गोठ्यात आणला होता; आता सकाळी वाट उघडायला निघण्याआधी तिनं त्याला शिडी चढवली. साखळी चाकापुढे अंथरायची, ट्रॅक्टर तसूभर पुढे घ्यायचा, टोकं ओढून कडीत घालायची; ताकेमात्सु रिकाम्या सफरचंदाच्या खोक्यावर बसून सांगत होता. "उलटी झालीय. गाठीची बाजू बाहेर. बाहेर म्हणतोय ना!" त्याचा डावा हात छातीशी धरलेला होता, त्यानं ओझं उचलायची मनाई होती. उजवा हात मात्र हवेत साखळ्या ओढत होता. तिची बोटं लोखंडाला चिकटत होती. करंगळीचं कातडं निघालं, तेव्हा तिनं ते चोखून थुंकलं आणि काम पुढे चालवलं.

शिडी बसली. काय घट्ट बसली! मोगी म्हणाला होता अगदी तशीच.

उतरताना चाळीस पावलं साखळी खडखड वाजली. नंतर आवाज बदलला, आधी टकटक, मग भुसभुस, मग काहीच नाही. पायऱ्या दातांच्या फटीत निजल्या होत्या. तिला वळण दिसलं. तिनं पाय दाबला. डाव्या-उजव्या चाकाचे दोन ब्रेक एकत्र दाबणारी कडी जोडलेली होती, तिनं दोनदा पाहिली होती. चाकं थांबली. ट्रॅक्टर थांबला नाही.

तो आडवा होत, सावकाश, जणू त्याला कसली घाई नव्हती, कडेकडे सरकत गेला. ओरडायला भरपूर वेळ होता. ती ओरडली नाही. डावं मागचं चाक कडेबाहेर गेलं आणि काहीतरी खाली बसलं. किनुएची छाती स्टिअरिंगवर आपटली. पुढचं पातं बर्फात रुतलं, म्हणूनच तो तिथे थांबला. खाली दोन पुरुष खोल खाचर होतं.

तिनं आधी इंजिन बंद केलं. मग उजवीकडून, पोटावर घसरत, खाली उतरली. ती बर्फात बसून राहिली आणि तिच्याही नकळत तिच्या तोंडी ते गाणं आलं, जे आमच्या बाया छपरावरचा बर्फ काढताना गुणगुणतात:

बर्फाबाई गं, हलकं ठेव पाऊल,
म्हाताऱ्या घराला नको लागू देऊ चाहूल.
बर्फाबाई गं, दारी टेकव तुझा भार,
आत निजलाय गं माझा एकुलता संसार.

दुसऱ्या ओळीवर दात वाजायला लागले आणि शब्द तुटले.

ट्रॅक्टर अडकलेला खालून पाहून गेन्पेइ ओझं ओढायचा हाताचा लोखंडी रहाट घेऊन वर आला. दोर एका जुन्या देवदाराला बांधला, दांडा मागेपुढे करत तासभर ओढलं. ट्रॅक्टर इंचाइंचानं वाटेवर आला. मग तो चाकापाशी वाकला. बराच वेळ वाकून राहिला. किनुएला वाटलं, आता हा उठूच नये.

त्यानं एका फटीत बोट घातलं, आत निजलेली पायरी वर उचलली, सोडली. ती परत आत पडली.

"वहिनी, हे तुम्हाला माहीत होतं?"

खोटं बोलायला तिच्यात बळ नव्हतं. "दुकानदार म्हणाला होता."

"कधी?"

"काल."

"आणि तरी लावलीत?"

"तुम्ही दिली होती ना."

गेन्पेइच्या नाकाखाली घामाचा थेंब गोठला होता. तो उभा राहिला, टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी घातली. "मी पण काय मूर्ख!" तो म्हणाला. "माझ्या ट्रॅक्टरचे दात माझ्यासारखेच झिजलेत. बोळकं झालंय नुसतं. माझ्याकडे शिडी चालायची, कारण पडायला फटच नव्हती. तुमचा अजून जवान." मग तो हसला, पण आवाज कापत होता. "तुम्ही खाली गेला असतात आणि मी जन्मभर म्हणत बसलो असतो, साखळी देऊनही बाईला चालवता आला नाही."

"पाणचक्कीवाले, रागावू नका."

"रागावू नका म्हणे! मोगीकडे ती दुसरी आहे ना अजून? मी आणतो. शिडी मीच दिली होती म्हणून सांगतो, म्हणजे तो मला शिडीबद्दल दोन शिव्या तरी घालेल. मला हव्याच आहेत."

दुपारी चारला कासवपाठ आली. पाचला अंधार. गोठ्यातल्या दिव्याखाली त्यांनी जॅक लावला. डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे; बशीसारखा खोलगट भाग आतबाहेर झाला की चाक चार बोटं बाहेर सरकतं आणि मडगार्डपाशी जागा होते. चाक काढून बाजूला ढकलताना किनुएची पाठ कण्हली. गेन्पेइ एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं, दोघंही धापा टाकत होते.

"दातांची तोंडं!" ताकेमात्सु खोक्यावरून ओरडला. "बाणाचं टोक पुढे गेलं पाहिजे. मागे झालं तर घाण्याच्या बैलासारखा जागीच राहशील."

"पुढेच आहे, पुढेच आहे," गेन्पेइ म्हणाला. "तोंडं बरोबर ठेवायची असतील तर आधी तुमचं बंद करा, टोकवाले."

ताकेमात्सु उठला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. तो चालत आला, उजव्या हातात पाना घेतला आणि नट आवळायला लागला. एक, मग समोरचा, मग शेजारचा, मग त्याच्या समोरचा, ताऱ्यासारखे. दोन नटांवर श्वास फुलायचा, तो थांबायचा, पुन्हा घ्यायचा. डावा हात छातीशीच. किनुएनं "बसा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जादा घरं कुठून कापायची हेही त्यानंच दाखवलं. जाळी चाकाभोवती गुंडाळून, बोटांनी चाचपून तो म्हणाला, "इथून." गेन्पेइनं मोठी कात्री चालवली. तुटलेल्या कड्या फरशीवर नाचल्या.

"मोगीनं सांगितलंय," गेन्पेइ जाता जाता म्हणाला, "नवी साखळी पहिल्या फेरीत सैल पडते. दोनशे पावलं गेलात की उतरून पुन्हा आवळा. विसरू नका. सैल साखळी मडगार्ड फाडते."

शनिवारी पहाटे दाराबाहेर मांडीएवढा बर्फ होता. ढग इतके खाली आले होते की देवदारांचे शेंडे त्यात गेले होते. किनुएनं भाताचे दोन गोळे गिळले, तिसरा खाववेना. ताकेमात्सुची मुद्रा पांढरट आणि फुगलेली होती, डोळ्यांखाली थैल्या. तिनं शिरेला कान लावला. माश्या होत्या, पण दमल्यासारख्या.

आठ वाजता तिनं ट्रॅक्टर बाहेर काढला.

कासवपाठ बर्फात उतरली आणि किनुएला ती बसल्या जागेतून कळली. आधी चाक घसरायचं ते खालून कुणीतरी हात काढून घेतल्यासारखं. आता प्रत्येक फेऱ्याला हजार बोटं रोवली जात होती आणि निघत होती. पात्यापुढे बर्फ फुगून येत होता, बाजूला पडत होता. ती शंभर पावलं गेली. दीडशे. वळण आलं. काल जिथे चाक बाहेर गेलं होतं तिथे बर्फानं खड्डा भरून टाकला होता, काही घडलंच नाही असं. तिनं पाय दाबला. ट्रॅक्टर थांबला.

तिनं पुन्हा सोडला, पुन्हा दाबला. पुन्हा थांबला. ती मोठ्यानं काहीतरी बोलली, कुणाला ते तिलाही कळलं नाही.

मग तिनं इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि गुडघ्यांवर बसून साखळी आवळली. खरंच सैल पडली होती. दोन्ही बाजूंनी एकेक कडी पुढे घेतली, साखळी ताणून धरणारे रबराचे पट्टे आडवे घातले. बोटं गारठलेली, वेळ लागला. मग चढली, खालच्या रस्त्यापर्यंत वाट उघडली आणि परत वर आली. चढावर, त्याच वळणावर, चाक एकदाही फिरलं नाही.

ताकेमात्सु अंगणात, टोपीशिवाय उभा होता. तिला बघितलं तसा आत गेला. तिनं टेम्पो काढला; तो शेजारी बसला, दारावरची मूठ दोन्ही हातांनी धरून.

अकराला पाच मिनिटं असताना ते खाली पोहोचले. गाडी उभी होती. योशिमीनं दार सरकवलं, तिचा चेहरा खुलला. "आलात, काका! मला वाटलं..."

"योशिमी," ताकेमात्सु एक पाय पायरीवर ठेवून थांबला. "त्या हिवाळी खोल्या. अजून एखादी रिकामी आहे का?"

किनुएला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "अहो! साखळी धरतेय की. पाहिलंत ना?"

"पाहिलं. अंगणात उभा राहून पाहिलं." तो तिच्याकडे बघत नव्हता, गाडीच्या पायरीकडे बघत होता. "वळणावर तू झाडांआड गेलीस. मग इंजिन बंद पडलं. मी मोजायला लागलो. तीनशे बारापर्यंत मोजलं. मला धावता येत नाही. मला खाली येता येत नाही. मी फक्त मोजू शकतो." त्याचा खालचा ओठ हलला. "छप्पर पडलं तर पडू दे. आठवड्यातून तीनदा, मार्चपर्यंत, हे माझ्यानं नाही होणार."

"मी साखळी आवळत होते!"

"मला वरून काय दिसतं?"

योशिमीनं हातातल्या वहीकडे पाहिलं, मग दुसरीकडे.

किनुएला राग आला. चार दिवसांचा सगळा राग, करंगळीच्या कातड्याचा, छातीवरच्या निळ्या वळाचा, बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या हसण्याचा. पण तिथे, त्या फुगलेल्या पांढऱ्या चेहऱ्यासमोर, तिला कळलं की हा माणूस त्या तीनशे बारामध्ये एकटा होता. ती वळणावर साखळीपाशी होती. साखळी धरतेय हे तिला हातानं कळत होतं. त्याला कुणी सांगितलं?

"थांबले की भोंगा वाजवीन," ती म्हणाली. "आवळायला उतरायच्या आधी एकदा. परत चढले की एकदा. वाजला म्हणजे मी ठीक."

त्याचा श्वास वाफ होऊन बाहेर येत होता. "वाजतो का त्याचा भोंगा?"

"माहीत नाही. शेतात कुणाला वाजवणार?"

"मग आज घरी गेल्यावर बघ. मंगळवारी नाही. आज."

"आज."

"काका, खोलीचं काय सांगू?" योशिमीनं विचारलं.

तो कण्हत गाडीत चढला, बसला, डावा हात मांडीवर नीट ठेवला. "मंगळवारपर्यंत थांब," तो म्हणाला. "मंगळवारी सांगतो."

दार सरकलं. गाडी बर्फाच्या दोन भिंतींमधून गेली.

किनुए टेम्पो घेऊन वर आली. गोठ्यात ट्रॅक्टर उभा होता, साखळ्यांमधून पाणी ठिबकत होतं. ती चढून बसली आणि भोंग्याच्या बटणावर अंगठा ठेवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिनं हातमोजा काढला, बटणाभोवतीचा जुना चिखल नखानं खरवडला, त्यावर फुंकर मारली आणि तळहाताच्या टाचेनं जोर दिला. आत काहीतरी करकरलं, आणि मग म्हाताऱ्या बदकासारखा, घोगरा, लांबलचक आवाज गोठ्यातून बाहेर पडला आणि खाली खोऱ्यात गेला.

वळणाखालून गेन्पेइ धावत आला. हातात फावडं, एका पायात बूट, दुसऱ्यात घरातली चप्पल.

"काय झालं? कुठे अडकलात? वहिनी!"

"काही नाही झालं," ती वरून म्हणाली. "सगळं ठीक आहे. म्हणून वाजवला."

गेन्पेइ फावड्यावर टेकून धापा टाकत उभा राहिला. "सगळं ठीक असल्यावर कुणी भोंगा वाजवतं का?"

"आजपासून आमच्याकडे वाजवतात," किनुए म्हणाली, आणि पुन्हा एकदा वाजवला.